छाट

पहाटे साडेपाचला रेल्वे मैदानावर
आम्ही अकरा जण, आणि एकही चेंडू नाही.
चनवीर सर म्हणाले, आज फक्त शिट्टी.

सर निवृत्त गार्ड. एकतीस वर्षं
शेवटच्या डब्यातून हिरवा बावटा दाखवत
वाडीपर्यंत गेले नि परत आले.
प्रत्येक गाव मागे जातानाच पाहिलेला माणूस.
"फाउलला आखूड. पेनल्टीला लांब.
मनात शंका असेल तर
शिट्टी दातांपर्यंत आणायचीच नाही."

अकरा शिट्ट्या एकदम वाजल्या तेव्हा
कुंपणापलीकडच्या इडलीवालीने
पातेल्याचं झाकण दाणकन खाली ठेवलं.
गिरणीचा भोंगा बंद झाल्यापासून
या भागात इतकं हुकमी
काहीच वाजलं नव्हतं.

निवड झाल्याचं घरी सांगितलं.
दहा महिने शिक्षण, पळण्याची परीक्षा,
नियमांची सतरा कलमं,
पुण्याहून कुणी बघायला येणार,
आणि एका सामन्याचे तीनशे रुपये.
अम्मा तेंदूची पानं कातरत होती.
विचारलं तिने,
"म्हणजे तू चेकर होणार?"

आमच्या गल्लीत चेकर म्हणजे
बिडी कारखान्यातला तो माणूस
जो हजार बिड्यांच्या सुपात हात घालतो
आणि मूठ मूठ बाजूला टाकतो.
छाट.
का, ते सांगत नाही.
पान तिचं, सूत तिचं, पाठीची कळ तिची,
मूठ त्याची.

"नाही गं, हे वेगळं असतं."
कसं वेगळं, ते मात्र सांगता येईना.
सतरा कलमांत ते नव्हतं.

एप्रिल. पार्क मैदान. चौदा वर्षांखालची मुलं.
सकाळी नऊलाच जमीन बुटांतून चावत होती.
माझा पहिला पूर्ण सामना.
बाहेर सर, मांडीवर वही.

सदतिसाव्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत
चेंडू कुणाला तरी लागला.
मी पाहिलं नाही. ऊन डोळ्यांवर होतं.
"हॅण्ड! हॅण्ड!" कुणीतरी ओरडलं
आणि शिट्टी वाजली.
वाजली म्हणतेय.
वाजवली मी.

चार नंबरचा मुलगा भांडला नाही.
फक्त जर्सी दोन्ही हातांनी ताणून
माझ्यासमोर उभा राहिला.
छातीवर चेंडूचा ठसा, धुळीचा,
गोल, स्वच्छ.
अम्मा असंच करते. टाकलेल्यातली एक बिडी
चिमटीत धरून खिडकीपुढे नेते,
काही बोलत नाही.

मी ठिपक्याकडे बोट दाखवलं.
एक-शून्य. तोच निकाल राहिला.

सरांच्या वहीत होतं:
पळणं चांगलं. जागा ठीक. शिट्टी लांब, स्पष्ट.
पेनल्टीपुढे बरोबरची खूण.
"सर, ते चुकलं."
सरांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
"गाडी सुटल्यावर बावटा मागे घेता येत नाही.
पण फलाटावर कुणी पळत येत होतं
हे आपण पाहिलेलं असतं."
आणि पेन माझ्या हातात दिलं.
त्यांच्या खुणेशेजारी मी फुली मारली.
इतकी लहान मारली
की ते म्हणाले, अजून मोठी.

तो टाकीखाली डोकं भिजवत होता.
"चार नंबर, छातीलाच लागला होता.
माझं चुकलं."
"मला म्हाईत होतं."
तोंड पुसत म्हणाला,
"जरा जवळ यायचं की ओ, मॅडम."

रात्री सुपाशेजारी बसले.
"आज किती छाट?"
"एकशे चाळीस."
"का, म्हणाला?"
"तो कुठे म्हणतो." मग म्हणाली, "तुझी?"
"एक."
"मग?"
"त्या पोराला सांगितलं, माझं चुकलं म्हणून."

अम्माने दातांनी सूत तोडलं.
पुढचं पान घेतलं नाही.
सुपाकडे बघत राहिली बराच वेळ,
तिथून आता कुणीतरी
बोलणार असल्यासारखी.